पातळ हवा

बोक्सबर्गला हवा पातळ.
समुद्र मैलभर खाली राहिला,
इथे प्रत्येक इंजिनाला थोडी धाप लागलेलीच असते.
माझं गॅरेज त्या धापेवर चालतं.

मोकेती आला तेव्हा गोल्फ नऊ वर्षांची होती,
पांढरी, डाव्या दाराला नखाएवढा पोचा.
रात्रपाळीला तो रुग्णवाहिका चालवतो.
म्हणाला, "आउसी, घाई तर मी रोजच करतो,
मला अशी घाई हवी, जिच्यात मागे कुणी मरत नसेल.
थोडीशी वाढव. थोडीशीच."

थोडीशीच म्हणणारे सगळे परत येतात.

आधी फक्त संगणकातला नकाशा बदलला, एक दुपार गेली.
मग टर्बो मोठा बसवला.
त्या जोरानं क्लच घसरायला लागला,
क्लच आवळला तर गिअरबॉक्स कुरकुरला,
मग ब्रेक, कारण कुठेतरी थांबायलाही हवं.
कोंबडी राहिली बाजूला, मसाल्याचंच बिल लांबत गेलं.
त्या बिलाच्या पाठीवर त्यानं एकदा बेरीज केली,
घडी घालून मोज्यात ठेवली.
बायको खिसे तपासते, मोजे नाही.

तीन वर्षांनी, जूनमधल्या एका कोरड्या रात्री
टार्लटनच्या पट्टीवर त्या गोल्फनं
शोरूमच्या नव्याकोऱ्या गाडीला मागे टाकलं.
जिंकून तो गाडीतून उतरलाच नाही.
काच खाली करून म्हणाला,
"तिच्यात हीटर चालू होता गं. गाणी चालू होती."

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नव्या गाडीचे नऊ लाख रँड.
जुनीचे किती देणार, तर डीलर आत डोकावला,
टर्बोकडे बघून त्यानं नाक मुरडलं:
हे सगळं उतरवून आणा, मग भाव बोलू.

म्हणून एका शनिवारी मी माझंच काम उलटं केलं.
मूळचे भाग वोस्लूरसला त्याच्या सासूकडे होते,
कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे, जुन्या चादरीत.
सासूनं स्वतः आणून दिले.
म्हणाली, "मला वाटलं, हे बिघडलेले आहेत."
संध्याकाळी डायनोवर चढवली.
आकडा कारखान्याचा, वर दोन-चार.
मोकेती त्या आकड्याकडे बघत राहिला,
लहानपणीचा फोटो कुणी अचानक समोर धरावा तसा.

टर्बो माझ्या फळीवर तीन आठवडे राहिला.
मग डाव्हेटनचा एक पोरगा आला, सिफिवो,
गोल्फ याहून जुनी, हीही पांढरी.
म्हणाला, थोडीशी.

पुढचं मोकेतीनंच सांगितलं.
इथे सिग्नलला आम्ही रोबॉट म्हणतो;
रोबॉट लाल होता, हा नव्या गाडीत,
सीट गरम, काचा बंद, बाहेरचं काही ऐकू येत नाही.
तरी ऐकू आलं.
शेजारच्या पांढऱ्या गाडीतून ती शिट्टी,
बारीक, चढत जाणारी,
त्याची तीन वर्षं, मोज्यातली बेरीज, सगळी.
रोबॉट हिरवा झाला.
पोरगा सुटला.
मागचे हॉर्न वाजवत होते.

"तू दाबलं का नाहीस?" मी विचारलं.
"ऐकत होतो."

मग गप्प. गॅरेजच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.
त्याची नवी गाडी दारात उभी, निळी, अजून कुठे न पोचलेली.
त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"आउसी, हिच्यात किती झोपलंय गं?"

मी हात पुसले.
नकाशा बदलायला एक दुपार लागते, म्हटलं.
सोमवारी ये.